तळ्याकाठची निर्जळी

माझ्यासारख्या सहावीत शाळा सुटलेल्या बाईला स्वित्झर्लंड बघायला मिळालं ते ताई आणि साहेबांमुळे. हे आधीच लिहून ठेवते, कारण पुढचं वाचून कुणाला वाटेल की मी उपकार विसरले. विसरलेले नाही. आमच्या महाडकडच्या गावात विमान आकाशात दिसलं तरी पोरं अंगणात धावतात. मी त्याच्या आत बसले, खिडकीशी, आणि मला जेवणाचा ट्रे पण मिळाला.

मस्कतमध्ये वादी कबीरला ताई-साहेबांचा फ्लॅट आहे. तिसरा मजला, सकाळी खाली शाळेच्या बसगाड्यांची रांग लागते. साहेबांच्या आईंना सांभाळायला मी आले त्याला आता सहा वर्षं होतील. माझा व्हिसा साहेबांच्या नावावर, तेच माझे अर्बाब, म्हणजे मालक. घरात सगळे मला मावशी म्हणतात. मुलं इंग्रजीत भांडतात आणि भूक लागली की मराठीत माझ्याकडे येतात.

आजी पुण्याच्या. शाळेत गणित शिकवायच्या. मी आले त्या पहिल्या वर्षी त्यांना सगळं आठवायचं. दुपारी मुलं झोपली की मला समोर बसवून शुद्धलेखन घालायच्या. "हात धुऊन ये, मग वहीला हात लाव," असं रोज म्हणायच्या, माझे हात धुतलेले असले तरी. वेलांटी चुकली की पट्टी टेबलावर आपटायच्या. आज मी ह्या चार ओळी लिहू शकते ते त्या पट्टीमुळे. पुढे त्यांचं विसरणं वाढलं. आधी वस्तू, मग माणसं, मग शरीराचं. तांब्याभर पाणी प्यायचं आणि पुढचं लक्षात राहायचं नाही. लंगोट घातला तर ओढून काढायच्या. "मी काय तान्हं मूल आहे?" म्हणायच्या. एकच गोष्ट पक्की राहिली. उपासतापास. नातवाचं नाव विसरतील, पण चतुर्थीला चंद्र कधी उगवतो ते विचारायच्या.

जूनमध्ये शाळांना सुट्टी लागली तशी मस्कतमधल्या आठ-नऊ मराठी घरांनी मिळून सहल ठरवली. सगळे पुण्या-मुंबईचे, मोठ्या नोकऱ्यांतले. त्यातले एक काका पुढारी होते, गळ्यात शिट्टी घालून फिरायचे. ताई आधी नको म्हणत होत्या, आईंना कुठे ठेवणार म्हणून. शेवटी ठरलं की आजी येतील आणि आजींसाठी मी येईन. घडीची चाकाची खुर्ची घेतली. माझ्या व्हिसासाठी साहेबांनी किती कागद केले ते मी बघितलंय. मी रात्रंदिवस देवाला हेच म्हणत होते की मला यातलं काहीतरी फेडता येऊ दे.

हॉटेल स्वस्तातलं, म्हणून गावांपासून लांब होतं. कुठेही जायचं तर बसने दोन-अडीच तास. बस चकाचक, पण मागचं संडास ड्रायव्हरने कुलूप लावून ठेवलेलं. मधे थांबायचं नाही, तिकडे वेळ म्हणजे वेळ.

पहिल्याच दिवशी धबधबा बघायला निघालो आणि बसमध्ये आजींचं झालं. मी डोळा लागून दहा मिनिटं झोपले, तेवढ्यात त्यांनी लंगोट सोडून सीटखाली सारला होता. सीट भिजली, खालून ओघळ दोन रांगा पुढे गेला. काकांनी शिट्टी वाजवली नाही, पण वाजवल्यासारखे उभे राहिले. ड्रायव्हर गोरा, तोंडातल्या तोंडात काहीतरी बोलला. मी गुडघ्यांवर बसून टिश्यूने पुसत होते तेव्हा माझ्या डोक्यावरून बोलणं चाललं होतं.

"धबधबा बसमध्येच दाखवलात की हो."

"अरे, तिकडचं तिकीट वाचलं."

"हसू नका रे, आपण पण तिथेच जाणार आहोत."

"आपण जाऊ तेव्हा जाऊ, निदान शेजारच्याला रेनकोट देऊ."

ताई खिडकीबाहेर बघत होत्या. कान लाल झाले होते. आजींना वाटलं विनोद दुसऱ्या कुणावर आहे, त्याही हसल्या.

त्या संध्याकाळी आमच्या आणि ताईंच्या खोलीमधलं दार नीट लागलं नव्हतं. मी आजींची साडी वाळत घालत होते.

"अजून एकदा असं झालं ना," ताई म्हणाल्या, "तर मी त्यांना मस्कतला नाही नेणार. मुंबईपर्यंत तुम्ही जा आणि पुण्याला सोडून या. ती संस्था म्हणाली होती ना जागा आहे म्हणून."

"आणि मावशी?"

"मावशी आईंसाठी आहेत. आई नाहीत तर मावशी कशाला? ऑगस्टमध्ये व्हिसा संपतोयच त्यांचा. खलास."

साहेब म्हणाले, "उद्याचा दिवस बघू."

ताईंना मी दोष देत नाही. त्या वाईट नाहीत. माझ्या मुलीचा नर्सिंगचा अर्ज त्यांनीच भरून दिला होता. मुलगी तेव्हा दुसऱ्या वर्षाला होती. मी परत गेले असते तर ती पण कॉलेज सोडून घरी आली असती, आणि आमच्याकडे घरी आलेली मुलगी पुन्हा शाळा बघत नाही. मी बघितली का? उद्याचा एक दिवस कोरडा गेला पाहिजे, एवढंच माझ्या डोक्यात राहिलं.

यावर उपाय मला लहानपणापासून माहीत होता. माझ्या आईला अर्धांग झाला तेव्हा मी अकरा वर्षांची होते. शाळा सुटली ती त्यासाठीच. आईला पाठीवर घेऊन परसात न्यावं लागायचं आणि माझ्या अंगात तेवढा जोर नव्हता. आई दुपारनंतर पाणी प्यायची नाही. मी भांडं पुढे केलं की म्हणायची, तहान नाही गं. मला खरंच वाटायचं की आजारी माणसाला तहान लागत नसेल. मोठी झाल्यावर कळलं. पण आईने ते आपणहून केलं होतं. आजी आपणहून करणाऱ्यातल्या नव्हत्या. उठल्या की पहिलं पाणी मागायच्या.

सकाळी सहाला त्यांनी डोळे उघडले. "पाणी दे गं."

मी म्हटलं, "आजी, आज एकादशी आहे. निर्जळी."

हे मी ठरवलं होतं असं नाही. तोंडातून आलं. पण आल्यावर मागे घेतलं नाही.

आजी उठून बसल्या. कित्येक महिन्यांत त्यांचा चेहरा असा नीट जुळून आलेला मी बघितला नव्हता. पदर सारखा केला. "आज? आणि मग काल आठवण नाही केलीस? रात्री जेवले ना मी."

"थोडंच जेवलात."

"कॅलेंडर कुठे आहे?"

"कॅलेंडर मस्कतला राहिलं. ताईंनी सांगितलं मला."

"तिला कसलं कळतंय," आजी म्हणाल्या, पण खूश झाल्या. मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, "तू नको करूस. तुमच्यात कुठे असतं हे. तुला झेपायचं नाही."

रक्तदाबाची गोळी मी चमचाभर पाण्याबरोबर दिली. औषधाला चालतं म्हटलं. त्यांनी चमचा चाटून पुसून परत दिला. बसमध्ये चढताना काका म्हणाले, "काय आजी, आज सगळं आटोपून आलात ना?" मागे कुणीतरी खुसखुसलं. आजी ताठ मानेने म्हणाल्या, "माझी आज एकादशी आहे."

अडीच तास बस चालली आणि काही झालं नाही. मी त्यांच्या साडीखाली हात घालून दर दहा मिनिटांनी बघत होते. कोरडं. बोगदा आला की भीती वाटायची, अंधारात झालं तर दिसणार नाही म्हणून. बोगदा संपला की पुन्हा हात.

लुसर्न हे जुनं गाव तळ्याच्या काठावर आहे. तळं म्हणजे आपल्याकडच्यासारखं नाही, पलीकडचा काठ डोंगरात जातो. काठावर पांढरे हंस, बोटी, आणि गावातून एक नदी तळ्यातून निघून वाहते. त्यावर लाकडी पूल, वर छप्पर, छपराखाली तिकोनी फळ्यांवर जुनी चित्रं. पुलाशेजारी पाण्यातच दगडी बुरूज. पूल शेकडो वर्षांचा, काका सांगत होते. मी खुर्ची ढकलत होते तशी फळ्यांमधून खालचं पाणी दिसत होतं. हिरवं, स्वच्छ, दगड मोजावेत असं. मी आयुष्यात एवढं पाणी एका ठिकाणी गप्प वाहताना बघितलं नाही. मस्कतला टँकर येतो तेव्हा सुद्धा आवाज करतो.

ऊन होतं. लोक म्हणत होते, इथे एवढं ऊन पडत नाही. दहा वाजता आजींनी पहिल्यांदा ओठांवरून जीभ फिरवली. मी बघितलं न बघितल्यासारखं केलं.

त्या गावात चौकाचौकात दगडी हौद आहेत. मधे रंगवलेला खांब, त्याला पितळी नळ्या, आणि त्यांतून दिवसभर पाणी पडत असतं. काकांनी शिट्टी वाजवून सगळ्यांना गोळा केलं. "हे पाणी पिण्याचं आहे. डोंगरातलं. फुकट. बाटल्या विकत घेऊ नका, भरून घ्या." झालं, सगळे धावले. मुलं तोंड लावून पीत होती, बायका बाटल्या भरत होत्या, एकजण डोक्यावर ओतत होता. आजी खुर्चीत हौदापासून दोन हातांवर. पाण्याचे तुषार त्यांच्या पायांवर पडत होते.

एका बाईंनी कागदी पेला भरून पुढे केला. आदल्या दिवशी रेनकोटचं म्हणणाऱ्याच त्या. "घ्या आजी, अमृत आहे अगदी."

आजींनी पेल्याकडे बघितलं. त्यांच्या गळ्याची घाटी हलली. मला वाटलं संपलं सगळं. पण त्यांनी हात जोडले. "आज निर्जळी आहे माझी."

"अय्या, या वयात? बघा, नाहीतर आपण."

"आपली एकादशी म्हणजे साबुदाणा वडा."

त्यांच्यातच एकजण होत्या, फोनमध्ये पंचांग ठेवणाऱ्या. त्यांनी फोन काढला, बोट फिरवलं. "पण आज एकादशी कुठे आहे? आज तृतीया आहे."

सगळ्यांनी ताईंकडे बघितलं. ताईंनी माझ्याकडे बघितलं. मी खुर्चीच्या मुठी धरून उभी होते. घामाने त्या निसटत होत्या. ताईंना कळायला किती वेळ लागला ते सांगते. एक मूल हौदातून पाणी पिऊन तोंड पुसतं तेवढा.

"असू दे हो," ताई हसून म्हणाल्या. "आई त्यांचं त्या धरतात. मनाला समाधान असतं त्यांच्या."

बायका पुढे गेल्या. ताई माझ्या जवळून जाताना थांबल्या, माझ्या दंडावर हात ठेवला. सहा वर्षांत त्यांनी मला हात लावलेला तो पहिलाच. "मावशी, तुम्ही हुशार आहात," म्हणाल्या.

मला बरं वाटलं. खोटं कशाला लिहू? मला फार बरं वाटलं.

दुपारी सगळे जेवायला गेले. आजींना सावलीत घेऊन मी थांबले, ताईंनी मला पोळीभाजीचा रोल आणून दिला. मी तो आजींच्या पाठीमागे उभी राहून खाल्ला आणि पाणी प्यायलेच नाही, निदान तेवढं तरी. नंतर एका कड्यात कोरलेला सिंह बघायला गेलो. मोठा, आडवा पडलेला, पाठीत भाल्याचा तुकडा, मरतोय. समोर छोटं तळं. लोक फोटो काढत होते. आजी बराच वेळ बघत होत्या.

"पाणी समोर आहे त्याच्या," त्या म्हणाल्या. आवाज घासलेला येत होता. "त्याची पण आज निर्जळी आहे का गं?"

मी म्हटलं, "हो आजी."

"मग बरं."

चार वाजता बसकडे चाललो. वाटेत पुन्हा एक हौद होता. आजी म्हणाल्या, "हात धुते. हात धुतलेले चालतात."

मी नको म्हणू शकले नाही. खुर्ची जवळ नेली. त्यांनी दोन्ही हात धारेखाली धरले. धरूनच ठेवले. पाणी मनगटावरून कोपरापर्यंत गेलं. मग ओले तळवे डोळ्यांवर ठेवले, गालांवर ठेवले, आणि हळूच, मी बघत नाही असं समजून, ओठांवर. तळव्यात घोटभर पाणी असेल.

मी रुमाल काढला आणि त्यांचे ओठ पुसले. मग तळवे पुसले, बोटांच्या मधल्या बेचक्या पुसल्या. मुलाचे पुसतो तसे. बस सुटायला अर्धा तास होता आणि पुढे अडीच तास.

आजींनी माझ्याकडे बघितलं. ती नजर मला ओळखीची होती. वेलांटी चुकली की त्या असं बघायच्या. पण पट्टी आपटली नाही. "चुकलं माझं," म्हणाल्या. "मोडला असता."

बस कोरडी परतली. काकांनी माइक घेतला. "आजच्या आपल्या हिरॉइन, आजी. टाळ्या." सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. आजी मान टाकून झोपल्या होत्या, तोंड उघडं, जीभ पांढरी. ड्रायव्हरने उतरताना माझ्याकडे बघून अंगठा वर केला.

दुसऱ्या दिवशी सकाळी ताईंनी दारातून डोकं आत घातलं. "आज पण एकादशीच ना, मावशी?"

सहलीचे अजून चार दिवस होते. चारही दिवस एकादशी झाली. हॉटेलवर आल्यावर मी सांगायचे, द्वादशी लागली, सोडा आता. त्या दोन तांबे एका दमात प्यायच्या, आणि सकाळपर्यंत विसरलेल्या असायच्या.

ऑगस्टमध्ये माझा व्हिसा वाढला. दोन वर्षं. साहेबांनी नवीन कार्ड हातात दिलं तेव्हा मी त्यांच्या पाया पडायला वाकले, ते संकोचून मागे सरले. मुलीला फोन केला. ती म्हणाली, "आई, आजींना माझा नमस्कार सांग, त्यांच्यामुळे चाललंय सगळं." सांगितला मी नमस्कार.

मस्कतला आल्यावर एकादशी थांबली नाही. घरी पाहुणे असले, मॉलमध्ये जायचं असलं, अल अमेरातला साहेबांच्या मित्राकडे शुक्रवारी जेवण असलं की ताई आदल्या दिवशी भाजी निवडता निवडता म्हणायच्या, "मावशी, उद्या आहे हं." कधी कधी मुलगा पण म्हणायचा, मोडक्या मराठीत, "टुडे आजीचा नो वॉटर डे आहे?" आणि आजी हल्ली सगळीकडे येऊ लागल्या म्हणून सगळे ताईंचं कौतुक करायचे.

मग आजी स्वतःच धरू लागल्या. मी काही न सांगता. पाणी पुढे केलं की तोंड फिरवायच्या. "आज एकादशी आहे."

"नाही आजी, आज सप्तमी. प्या."

"तू मला मोडायला लावतेस. तुमच्यात नसतं म्हणून."

कॅलेंडर दाखवलं तर म्हणायच्या, हे मागच्या वर्षीचं आहे. बाहेर पंचेचाळीस डिग्री. त्यांची कातडी चिमटीत धरली की तशीच उभी राहायची. एका दुपारी उठवलं तर उठेनात. क्लिनिकमध्ये सलाइन लावलं. डॉक्टरीणबाई केरळच्या होत्या, हिंदीत विचारलं, "पानी कितना पीती हैं?"

ताई म्हणाल्या, "उपवास बहुत करती हैं. हम बोल बोल के थक गए, सुनती ही नहीं."

डॉक्टरीणबाई माझ्याकडे वळल्या. "तुम क्या करती हो? तुम्हारा काम है ना ये?"

"जी," मी म्हटलं.

सलाइनचे थेंब पडत होते आणि मी हिशोब करत होते, आजींना काही झालं तर माझं कार्ड दोन वर्षांचं असून काय उपयोग. आईंसाठी मावशी. हे पण खरं लिहिते, त्या दिवशी मला आजींची दया आली ती याच्या नंतर आली.

पहिल्या खोट्याने घातलेली गाठ दुसऱ्या खोट्याने सुटली. घरी आणल्यावर मी देवघरातली तांब्याची पळी घेतली, भांड्यात पाणी घेतलं, कुंडीतल्या तुळशीचं पान टाकलं. आजींसमोर धरून म्हटलं, "तीर्थ घ्या." आजींनी लगेच उजवा हात पुढे केला, तळव्याची खोलगट वाटी केली. तीर्थाने निर्जळी मोडत नाही. त्या प्यायल्या आणि ओला हात डोक्यावरून फिरवला. अर्ध्या तासाने पुन्हा तीर्थ. पुन्हा. दिवसाला किती पळ्या होतात ते मी मोजलं नाही, पण त्यांच्या तळव्याला माझी आणि माझ्या पळीला त्यांची सवय झाली. ओठ परत ओले दिसू लागले. मला वाटलं, हे कुणी माझ्याकडून घेणार नाही.

काल ताईंनी भिशीच्या बायका बोलावल्या होत्या. त्यातल्या बऱ्याचजणी सहलीतल्या. हॉलमध्ये लुसर्नचा फोटो आहे, तळ्याकाठी आजी खुर्चीत, मागे माझे दोन हात मुठींवर. बायका यायच्या आधी ताई आजींच्या खोलीत आल्या. नवीन चादर बघितली, आजींचा पदर सरळ केला. माझ्या हातात पळी होती. आजींनी हात पुढे केलेला होता.

"मावशी," ताई हळू आवाजात म्हणाल्या, "पाचपर्यंत तीर्थ नको हं."

मी पळीतलं पाणी परत भांड्यात ओतलं. आजींचा हात बराच वेळ तसाच पुढे होता.

"हो ताई," म्हटलं.